मोरचूद तापवला की पांढरा पडतो, मग रंग हा ‘गुणधर्म’ कसा?

निफाडच्या एका पालकांनी विचारलं आहे: ‘आमची द्राक्षबाग आहे. बोर्डो मिश्रणासाठी (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवारणीसाठी) आणलेल्या मोरचुदाचा खडा मुलीनं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत तापवून पाहिला. तो पांढरा पडला आणि पाण्याचा थेंब टाकताच पुन्हा निळा झाला. पुस्तकात रंग हा पदार्थाचा भौतिक गुणधर्म म्हणून दिला आहे. मुलगी विचारते, पदार्थ तोच राहून रंग बदलत असेल तर तो गुणधर्म कसला? आणि रंगावरून पदार्थ ओळखता येतो की नाही? आम्हाला उत्तर देता आलं नाही.’

मी ३१ वर्षं रंगद्रव्यं बनवणाऱ्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांमध्ये काढली. रोज सकाळी ट्रेमधून येणारी पावडर कालच्यासारखीच आहे का, हे सांगणं माझं काम होतं. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे आणि उत्तर थोडं लांबेल.

आधी मुलीला शाबासकी द्या. तिच्या प्रश्नात तीनच शब्द दुरुस्त करायचे आहेत: ‘पदार्थ तोच राहून’. पदार्थ तोच राहिलेला नाही. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या निळ्या स्फटिकात दर एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू ठरलेल्या जागी बसलेले असतात. खडा हाताला ठणठणीत कोरडा लागतो, पण त्याच्या वजनात ३६ टक्के पाणीच असतं. शाळेच्या तराजूवरही हे दिसतं. ५ ग्रॅम निळा मोरचूद पूर्ण पांढरा होईपर्यंत सावकाश तापवला की ३.२ ग्रॅम उरतो. नळीच्या थंड तोंडाशी जमलेले थेंब म्हणजे स्फटिकातून निघालेलं पाणी. पांढऱ्या पावडरीवर थेंब टाकल्यावर नळी चांगली गरम होते, हे मुलीच्या बोटांना जाणवलं असेलच. पाणी नुसतं भिजवून थांबत नाही, ते पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतं आणि बसताना उष्णता सोडतं. तेव्हा निळा आणि पांढरा हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि त्यांचे रंग ही त्यांची आपापली ओळख आहे. पुस्तकाचं वाक्य खोटं ठरत नाही.

इथे एक गैरसमज फार वेळा भेटतो. बदल उलटा फिरवता आला म्हणजे तो भौतिक, असं बरीच मुलं पाठ करून येतात. उलटसुलट होणं ही रासायनिक बदल नसल्याची खूण नाही. कुणाशी कोण बांधलेलं आहे हे बदललं का, ते पाहायचं.

मग निळा का? बहुतेक जण म्हणतात ‘तांब्यामुळे’, पण ते उत्तर अर्धंच आहे, कारण तांबं पांढऱ्या पावडरीतही तेवढंच आहे. निळ्या स्फटिकात प्रत्येक तांब्याच्या आयनाभोवती, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूभोवती, पाण्याचे चार रेणू असतात, आणि वर-खाली थोड्या अंतरावर सल्फेटचे दोन ऑक्सिजन. पाचवा पाण्याचा रेणू तांब्याला चिकटलेला नसतो, तो बाजूला सल्फेटच्या आधारानं राहतो. शेजाऱ्यांच्या या मांडणीमुळे तांब्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या फाकतात. खालच्या पातळीतून वरच्या पातळीत जायला लागणारी ऊर्जा तांबड्या आणि त्याच्या पलीकडच्या प्रकाशात मिळते. द्रावणात हे शोषण ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतं आणि त्याचं शेपूट तांबड्या-नारिंगी भागात पसरलेलं असतं. पांढऱ्या उजेडातून तांबडा गिळला गेला की उरतो तो निळसर, आणि तोच आपल्या डोळ्यात येतो.

पाणी निघून गेलं की तांब्याभोवती फक्त सल्फेटचे ऑक्सिजन उरतात. त्यांचा प्रभाव पाण्यापेक्षा दुबळा, म्हणून पातळ्या कमी फाकतात आणि शोषण पूर्णपणे अवरक्त भागात सरकतं. पाणी गेल्यावर शोषणच थांबतं, असं काही ठिकाणी शिकवलं जातं. ते बरोबर नाही. शोषण चालूच असतं, फक्त आपल्या डोळ्याच्या टप्प्याबाहेर. निळ्या द्रावणात अमोनिया घातला तर शेजारी अधिक जोरदार मिळतात, शोषण ६०० नॅनोमीटरकडे सरकतं आणि डोळे दिपवणारा गर्द जांभळट निळा येतो. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर द्रावण हिरवं होतं. पांढरा, आकाशी, गर्द निळा, हिरवा, या चारही ठिकाणी तांब्याचा आयन एकच, बदललेत ते शेजारी.

पुढे जाण्याआधी एक कळकळीची सूचना. हा प्रयोग शाळेतच होऊ द्या. घरच्या तव्यावर किंवा स्वयंपाकाच्या भांड्यात मोरचूद कधीही तापवू नका. तो विषारी आहे, आणि फार तापला तर काळपट पडून घशाला झोंबणारे धूर सोडतो.

आता ‘भौतिक गुणधर्म’ या शब्दांकडे येऊ. अर्थ साधा आहे: जो पाहताना किंवा मोजताना पदार्थाचं रूपांतर दुसऱ्या पदार्थात होत नाही, तो गुणधर्म भौतिक. रंग पाहायला पदार्थ जाळावा लागत नाही, आम्लात टाकावा लागत नाही, म्हणून रंग त्या यादीत बसतो. पण त्या यादीत तो घनतेच्या आणि द्रवणांकाच्या शेजारी लिहिलेला असतो, आणि त्यामुळे तोही तसाच ठाम आकडा असल्यासारखा भास होतो. मला शाळेच्या पुस्तकांत खटकतं ते हे. शुद्ध मोरचुदाची घनता खड्याची मोजा की कुटलेल्या पावडरीच्या कणाची, एकच येते. रंग तसा येत नाही. खडा गर्द निळा असतो, आणि खलात बारीक कुटला की फिका आकाशी होतो. मोठ्या खड्यातून प्रकाश लांबचा प्रवास करतो, वाटेत भरपूर तांबडा गमावतो. पावडरीत तो दोन-चार कणांच्या पृष्ठभागांवरून उसळून लगेच बाहेर येतो आणि त्याच्या अंगावर फारसा रंग चढत नाही. काचेची बाटली हिरवी आणि तिचा चुरा पांढरट, हेही त्याच कारणानं. इथे पदार्थ खरोखर तोच आहे, कुणाशी कोण बांधलेलं आहे हे बदललेलं नाही, आणि तरी रंग बदलला. मुलीचा प्रश्न मोरचुदाच्या तापवण्यावर लागू पडत नाही, पण कुटण्यावर तंतोतंत लागू पडतो.

माझं आयुष्य ज्या पदार्थात गेलं तो लोखंडाचा ऑक्साइड, आणि या विषयाचा त्याच्याइतका चांगला गुरू मला दुसरा माहीत नाही. गेरू म्हणजे तोच. कोकणातल्या जांभ्याचा तांबूसपणा त्याचाच, विटेचा लाल त्याचाच. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात कोरलेली जी तांबडी कावी नक्षी दिसते, तिचा रंगही या लाल मातीतून येतो. रसायनाच्या भाषेत हा फेरिक ऑक्साइड, खनिजाचं नाव हेमॅटाइट. आता गंमत पाहा. चांगल्या हेमॅटाइटचा मोठा स्फटिक लाल नसतोच. तो पोलादासारखा करडा-काळा आणि आरशासारखा चकचकीत असतो. खरबरीत पांढऱ्या चिनीमातीवर घासला की मात्र रेघ उमटते ती गेरूसारखी लाल. म्हणून खनिजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं जातं की खड्याच्या रंगावर जाऊ नको, रेघेचा रंग बघ. पायराइटचंही तसंच. दिसायला सोन्यासारखं, पण रेघ हिरवट काळी. सोन्याची रेघ सोनेरीच राहते.

कारखान्यात याच फेरिक ऑक्साइडच्या आम्ही निरनिराळ्या शेड विकत होतो. पृथक्करणाचा अहवाल सगळ्यांचा सारखा, लोखंडाचं प्रमाण सारखं, क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासली तरी सारखी. फरक फक्त कणांच्या आकाराचा. साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पिवळसर झाक असलेला, नारिंगीकडे झुकणारा लाल देतो. कण वाढत १ मायक्रॉनच्या जवळ गेला की तोच लाल निळसर, जांभळट होतो, पिकलेल्या जांभळाच्या सालीकडे सरकतो. मध्ये डाळिंबी, विटकरी, आमसुली असे सगळे टप्पे. गिऱ्हाईक ‘रेड ऑक्साइड’ मागत नसे, अमुक शेडचा मागत असे, आणि ते योग्यच होतं.

एका पावसाळ्यातली गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या मुलीच्या प्रयोगाचीच जुळी बहीण आहे. आम्ही पिवळा ऑक्साइडही बनवत होतो. त्यात लोखंड आणि ऑक्सिजनबरोबर हायड्रोजनही असतो, खनिजात त्याला गोथाइट म्हणतात, आणि पिवळ्या मातीचा पिवळेपणा त्याच्यामुळे असतो. एका सकाळी ड्रायरमधून आलेल्या बॅचचं सॅम्पल माझ्या टेबलावर आलं आणि ते पिवळं नव्हतं. पिवळ्यात तांबूस झाक होती, करपलेल्या पुरणासारखी. पाळीवरचे लोक म्हणत होते की कच्चा माल बिघडला, कुणी म्हणालं आधीच्या लाल बॅचची भेसळ झाली. मी ड्रायरपाशी जाऊन ट्रे पाहिले. खालचे ट्रे स्वच्छ पिवळे होते. वरच्या दोन ट्रेंमध्ये, तापणाऱ्या कॉइलच्या बाजूला, केकच्या, म्हणजे ट्रेमध्ये वाळत घातलेल्या रंगाच्या लगद्याच्या, कडा विटकरी झाल्या होत्या. भेसळ असती तर ती सगळीकडे पसरली असती. ही तर उष्णतेनं काढलेली रेघ होती.

तापमान राखणारा स्विच रात्री अडकला होता. पिवळा ऑक्साइड १८० अंशांच्या पुढे भरवशाचा राहत नाही. त्यातून पाणी निघून जातं आणि उरतो तो लाल हेमॅटाइट. हिशेब मोरचुदासारखाच, फक्त आकडे वेगळे: शुद्ध पिवळा पूर्णपणे लाल झाला तर वजनात १० टक्क्यांची घट येते, आणि लोखंडाचं प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर जातं. आमच्या कडांचं वजन आणि लोखंड दोन्ही या दोहोंच्या मधे आलं, म्हणजे रूपांतर अर्धवट झालं होतं. ती बॅच पिवळा म्हणून गेली नाही. मालकांना ते पटवायला मला तासभर लागला, पण माल थांबला. मोरचुदाशी एक मोठा फरक मात्र होता. या लाल झालेल्या कडांवर कितीही पाणी ओतलं तरी त्या पिवळ्या होत नाहीत. लोखंडानं एकदा सोडलेलं पाणी ते इतक्या सहज परत घेत नाही. कुंभाराच्या आणि वीटभट्टीवाल्याच्या हाती हे ज्ञान रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीपासून आहे: पिवळट, करडी माती भट्टीत जाते आणि लाल होऊन बाहेर येते. भट्टीची हवा कोंडली तर तीच माती काळी होते, कारण लोखंडाला ऑक्सिजन पुरत नाही आणि धुराचा कार्बनही मातीत मुरतो.

शेजाऱ्यांचा परिणाम किती दूर जातो याचं सर्वांत सुंदर उदाहरण रत्नांमध्ये आहे. माणिक लाल आणि पाचू हिरवा, आणि दोघांचाही रंग मुख्यतः एकाच धातूच्या थोड्याशा आयनांमुळे: क्रोमियम. (काही पाचूंत व्हॅनेडियमचाही हात असतो.) माणकात क्रोमियम ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकात अडकलेलं असतं, पाचूत ते बेरिल या खनिजात. पाचूत शेजाऱ्यांचा प्रभाव किंचित कमी असतो. तेवढ्या फरकानं शोषण सरकतं आणि तांबड्याऐवजी हिरवा प्रकाश वाट काढतो. शुद्ध ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि शुद्ध बेरिल दोन्ही बिनरंगाचे. म्हणजे ज्याला आपण त्या दगडाचा रंग म्हणतो तो त्यात शिरलेल्या पाहुण्याचा असतो, आणि तो कसा दिसेल ते यजमान ठरवतो.

कारखान्यात हाच पाहुणा डोकेदुखी होतो. रंग बनवायला लागणारं ॲनिलिन हे द्रव ताजं ऊर्ध्वपातन केलेलं असताना बिनरंगी असतं. बाटली उघडी राहिली की हवेनं त्याचं थोडं ऑक्सिडेशन होऊन ते पिवळं आणि मग तपकिरी होत जातं. बदललेला भाग अगदी थोडा असतो, पण डोळ्याला सगळी बाटली तपकिरी दिसते. म्हणून जुन्या पुस्तकात एखादा पदार्थ ‘फिकट पिवळा’ लिहिला असेल तर मी आधी विचार करते, लिहिणाऱ्यापाशी तो किती शुद्ध होता?

थोडा पदार्थ एवढा रंग कसा देतो, तेही सांगायला हवं. पोटॅशियम परमँगनेटचे दोन कण बादलीभर पाणी गुलाबी करतात, आणि मोरचुदाचे दोन कण त्याच बादलीत टाकले तर काहीच दिसत नाही. सारख्याच प्रमाणातल्या द्रावणांत परमँगनेट आपल्या आवडीच्या हिरव्या प्रकाशाला मोरचुदाच्या सुमारे दोनशे पट जोरानं गिळतं. तांब्यातल्या इलेक्ट्रॉनची जी उडी मी वर सांगितली ती क्वांटम नियमांनुसार जवळजवळ निषिद्ध आहे. अणूंच्या थरथरीमुळे ती थोडीफार शक्य होते, इतकंच. परमँगनेटमध्ये मात्र प्रकाश गिळताना इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून मँगनीजकडे झेपावतो आणि त्या झेपेला कसलीही आडकाठी नसते. त्याच मँगनीजचा द्विसंयुजी (दोन धन भार असलेला) आयन घ्या, तर त्याची प्रत्येक शक्य उडी दुहेरी निषिद्ध, म्हणजे एकाच वेळी दोन नियमांनी अडवलेली असते, आणि द्रावण जवळपास पाण्यासारखं दिसतं. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात परमँगनेटचं अनुमापन (टायट्रेशन) करताना वेगळा दर्शक (अभिक्रिया संपल्याचं रंगानं सांगणारा पदार्थ) लागत नाही तो यामुळेच: जोवर अभिक्रिया चालू आहे तोवर रंग नाहीसा होत राहतो, आणि एक थेंब जास्त झाला की सगळं द्रावण गुलाबी. तेव्हा रंग गडद आहे म्हणून पदार्थ भरपूर आहे, असं मानू नका. हा निष्कर्ष फक्त एकाच पदार्थाच्या दोन द्रावणांमध्ये काढता येतो, आणि तोही सारख्या जाडीच्या नळीतून पाहिलं तर.

द्रावकही शेजारीच. आयोडीनचा खडा करडा-काळा, वाफ जांभळी. हेक्झेनमध्ये विरघळवा, जांभळाच राहतो. अल्कोहोलमध्ये विरघळवा, तपकिरी होतो, जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन तसं असतं ते यामुळे. पिष्टाच्या पेजेत टाकला की निळा-काळा. ती पेज तापवली की निळा जातो, थंड झाली की परत येतो. हा शेवटचा प्रयोग मी शाळांमध्ये दाखवायला जाते तेव्हा मुलं श्वास रोखून पाहतात.

आतापर्यंत सगळं पदार्थाच्या बाजूचं झालं. पण रंग म्हणजे पदार्थ, त्यावर पडणारा उजेड आणि पाहणारा डोळा, या तिघांचा मिळून होणारा अनुभव आहे. पहिल्याच नोकरीत मला हे महागात पडून कळलं. एका हिरव्या मिश्रणाची शेड मी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली जुळवली, स्टँडर्डच्या पट्टीशेजारी लावून पाहिली, फरक शून्य. माल गेला आणि आठ दिवसांत परत आला. गिऱ्हाइकानं तो दुपारच्या उन्हात पाहिला होता, आणि उन्हात तो स्टँडर्डपेक्षा उघडउघड पिवळट दिसत होता. दोन्ही हिरवे वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून आलेले, त्यांचं शोषण वेगळं, पण ट्यूबलाइटच्या उजेडात डोळ्यावर होणारी बेरीज योगायोगानं सारखी. याला मेटामेरिझम म्हणतात. साडीवरचा ब्लाउज दुकानात जुळतो आणि अंगणात जुळत नाही, हा अनुभव घरोघरी आहे आणि तो मनाचा खेळ नाही. त्यानंतर मी ६५०० केल्व्हिनचा प्रमाणित दिवसाचा उजेड, पिवळा बल्ब आणि दुकानी ट्यूब असे तिन्ही उजेड असलेल्या, आतून करड्या रंगाच्या पेटीत पाहिल्याशिवाय एकाही सॅम्पलवर सही केली नाही. पेटी करडी का? शेजारी लाल भिंत असेल तर करडा कागदही हिरवट वाटतो.

डोळ्याडोळ्यांतही फरक असतो. लाल-हिरव्याचा भेद नीट न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, आपल्या आजूबाजूला वाटतात त्याहून अधिक असतात, आणि अनेकांना स्वतःलाच ते माहीत नसतं. शेड जुळवणाऱ्या विभागात घेताना इशिहारांच्या ठिपक्यांच्या तक्त्यांनी तपासणी करतात ती त्यासाठी. यात कुणाचा कमीपणा नाही. आमच्या प्रयोगशाळेतला एक अत्यंत हुशार सहकारी या तपासणीत अडला, आणि पुढे तो उपकरणांच्या विभागात आमच्या सगळ्यांच्या पुढे गेला.

म्हणून माणसानं रंगाला आकड्यात बांधायचे मार्ग शोधले. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीचे बिअर बनवणारे जोसेफ लोव्हिबॉन्ड यांनी १८८० च्या दशकात रंगीत काचांच्या पट्ट्यांचं उपकरण बनवलं, बिअरचा रंग रोज सारखा ठेवता यावा म्हणून. खाद्यतेलाचा रंग आजही त्यांच्या नावाच्या एककांत सांगतात. पाण्यासाठी ॲलन हेझन यांनी १८९२ मध्ये प्लॅटिनम आणि कोबाल्टच्या क्षारांच्या द्रावणांची मोजपट्टी दिली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात रंगाची स्वीकार्य मर्यादा ५ हेझन आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १५ पर्यंत चालतं. १९७६ पासून उद्योगात एल, ए, बी या तीन आकड्यांची पद्धत रुळली: किती उजळ, लाल की हिरवा, पिवळा की निळा. दोन सॅम्पलमधलं अंतर एका आकड्यात येतं, आणि ते १ च्या आसपास असेल तर तयार डोळ्यालाच फरक कळतो. ही यंत्रं आली तेव्हा मला फार आनंद झाला, कारण वादाला जागा उरली नाही. तरीही शेवटची नजर मी माणसाचीच ठेवली. यंत्र छोटा गोल ठिपका पाहतं, कडेला पडलेला विटकरी डाग त्याला दिसत नाही.

आता दुसरा प्रश्न: रंगावरून पदार्थ ओळखता येतो का? नुसत्या रंगावरून नाही, आणि या बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. मीठ, साखर, खायचा सोडा, बोरिक पावडर, तुरटीची पूड आणि आर्सेनिकचं ऑक्साइड, सगळे पांढरे. पांढरेपणा हा तर वेगळा रंगही नाही. जे काही दृश्य प्रकाश गिळत नाही आणि बारीक कुटलेलं आहे ते पांढरंच दिसणार. बागेच्या औषधांच्या खोलीत लेबल गेलेला डबा असेल तर त्यातल्या पावडरीच्या रंगावरून ती काय आहे हे ठरवू नका, ती वापरूही नका.

रंग कसा बदलतो, यावरून मात्र पुष्कळ कळतं. हळदीचंच घ्या. कुर्क्युमिन पिवळं असतं. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो, कारण साबणाच्या आम्लारीनं त्या रेणूतला हायड्रोजन काढून घेतला आणि शोषण सरकलं. लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच, आम्लारिधर्मी पदार्थांची प्रक्रिया करून लाल करतात. हळदीत मेटॅनिल यलो नावाचा बंदी असलेला रंग मिसळला असेल तर नजरेला काहीच कळणार नाही, दोन्ही पिवळे. पण पाण्यात कालवून त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले तर मेटॅनिल यलो गुलाबी-किरमिजी होतो, आणि भरपूर पाणी घातल्यावरही तो गुलाबीपणा टिकतो. शुद्ध हळदीत असा टिकाऊ गुलाबी येत नाही. शिश्याचं क्रोमेट मिसळलेलं असलं तर ही चाचणी पुरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते. पिवळ्या रंगानं तिथे काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते आम्ल पडल्यावर रंगानं काय केलं, त्यानं.

मुलीनं वहीत काय लिहावं ते असं. ‘मोरचूद निळा असतो’ एवढ्यावर गुण मिळतील, पण निरीक्षण अपुरं आहे. तिनं लिहावं: सजल (स्फटिकात पाणी असलेलं) कॉपर सल्फेट, मोठा स्फटिक, खोलीच्या तापमानाला, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर पाहिला, गर्द निळा आणि अर्धपारदर्शक. तोच कुटल्यावर फिका आकाशी. सावकाश तापवल्यावर पाणी निघून गेलं, ५ ग्रॅमचे इतके ग्रॅम उरले, पावडर पांढरी. रंगासाठी मराठीत शब्दांची कमी नाही. मोरपंखी, पोपटी, अबोली, राखी, गव्हाळ, विटकरी हे शब्द बेधडक वापरावेत. ‘निळसर हिरवा’ म्हणण्यापेक्षा ‘मोरपंखी’ म्हटलं तर वाचणाऱ्याला नेमकं दिसतं.

आणि घरी करायला एक निर्धोक प्रयोग. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर लावा आणि सावलीत वाळवा. एका पट्टीवर साबणाचं पाणी, एकीवर साबणानंतर लिंबू. एक कोरडी पट्टी वहीच्या पानांत अंधारात ठेवा आणि तिची जोडीदार खिडकीत, थेट उन्हात. आठवड्यानं उन्हातली फिकट झालेली दिसेल. इथे मात्र लिंबू पिळून किंवा साबण लावून तो पिवळा परत येत नाही, कारण उन्हानं तो रेणूच मोडलेला असतो. दोन्ही पट्ट्या शेजारी चिकटवून खाली तारीख आणि पाहताना उजेड कुठला होता, तेवढं तिला लिहायला सांगा.